नेम, शिस्त आणि शून्य



या स्मृतिव्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला मराठी शिकवीत आणि परेडच्या दिवशी एन.सी.सी.चा खाकी गणवेश चढवून मैदानावर उभे राहत. त्यांच्या मराठी अध्यापनाविषयी माजी विद्यार्थी आजही भरभरून बोलतात. मी आज त्यांच्या दुसऱ्या विद्येविषयी बोलणार आहे. जुन्या लष्करी बंदुकीचा नेम कसा बसवितात, नळीवरची माशी का आणि किती हलवितात, आणि त्यातून शिकविणाऱ्या माणसाने काय घ्यावे, हा माझा विषय आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. शस्त्राचे कौतुक करण्यासाठी मी उभा नाही. पण आपण कॅम्पात राहणारी माणसे आहोत. इंग्रजांनी १८१८ साली बेळगावचा किल्ला घेतला, १८३२ मध्ये येथे छावणी वसविली आणि १९२२ पासून मराठा पलटणीच्या रंगरुटांचे शिक्षण येथे होऊ लागले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आजही येथेच आहे. चांदमारीवरून येणारा बारांचा आवाज ऐकत आपल्यातील अनेकांचे बालपण गेले. या परिसरातल्या कितीतरी घरांतून पेन्शनीत आलेले हवालदार आणि सुभेदार आपण पाहिले. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. तिच्याकडे विद्या म्हणून पाहण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते माझ्या व्यवसायाला धरून आहे. एन.सी.सी.च्या आज्ञा हिंदुस्थानीत असत. उस्ताद ओरडत, "शिस्त ले!" मराठी मुलाला शिस्त म्हणजे वर्तनातील व्यवस्थितपणा, एवढेच ठाऊक. त्यामुळे पहिल्या दिवशी मुले आडवी पडल्या पडल्या हातपाय आवरून गंभीर चेहरे करीत. कानडी मुलांचीही तीच गत होई, कारण 'शिस्तु' हा शब्द कानडीतही त्याच अर्थाने रुजला आहे. उस्तादांना अभिप्रेत होते ते, नेम धर. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा. तिरंदाज धनुष्याची दोरी ओढण्यासाठी अंगठ्यात जे कडे घालीत त्यालाही तेच नाव. त्यावरून नेम हा अर्थ आला. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, हा अर्थ मराठीलाही एकेकाळी परिचित होता. पुढे नेमाचा अर्थ मागे पडला आणि वळणाचा, व्यवस्थेचा अर्थ तेवढा उरला.

आता आपला 'नेम' हा शब्द पाहा. तो संस्कृत 'नियम' या शब्दापासून आला. नित्यनेमातला नेम तोच आणि नेमबाजीतला नेमही तोच. एक शब्द फारशीतून आला, दुसरा संस्कृतातून. एकाचा प्रवास नेमाकडून नियमाकडे झाला, दुसऱ्याचा नियमाकडून नेमाकडे. लक्ष्यावर मारा करणे ही क्षणाची करामत नसून ते रोजच्या एकसारख्या आचरणाचे फळ आहे, ही समजूत या दोन्ही शब्दांत दडलेली आहे. बंदुकीचा नेम बसविण्याची सारी रीत या समजुतीवर उभी आहे, म्हणून शब्दांपासून सुरुवात केली.

ज्या बंदुकीविषयी मी बोलतो आहे ती आपण 'थ्री नॉट थ्री' या नावाने ओळखतो. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून हे नाव. तिचे मूळ नाव ली-एनफील्ड. तिचा मार्क तीन हा नमुना १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्यात आला आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात त्याच जातीच्या बंदुका पुढे अनेक दशके तयार होत राहिल्या. वजन सुमारे चार किलो, खजिन्यात दहा काडतुसे, नळीत डावीकडे वळत जाणाऱ्या पाच चक्राकार खाचा. या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. दोन्ही महायुद्धांत हिंदी सैनिकांच्या खांद्यावर या घराण्याच्या बंदुका होत्या. १९६२ च्या चीन युद्धातही आपल्या बहुसंख्य जवानांपाशी हीच बंदूक होती. त्यानंतर सैन्यातून ती हळूहळू गेली, पण पोलिसांपाशी राहिली. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. एवढे दीर्घ आयुष्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येते.

या बंदुकीवर दुर्बीण नाही. नेम धरण्यासाठी लोखंडाच्या दोन खुणा आहेत. नळीच्या टोकाशी एक बारीक उभे पाते असते. तिला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे, नळीवरच, एक पट्टी असते आणि तिच्यात खाच असते. खाचेच्या मधोमध माशी यावी, माशीचे टोक खाचेच्या दोन्ही काठांशी समपातळीत यावे, आणि ते टोक लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकलेले दिसावे, की नेम धरला गेला. डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. उस्ताद सांगत की नजर माशीवर ठेवा. लक्ष्य थोडे पुसट दिसले तरी चालेल. नवशिका नेमके उलटे करतो. त्याला लक्ष्याचा मोह असतो, त्यामुळे माशी कलते आणि गोळी भलतीकडे जाते.

आता मुख्य प्रश्न असा की, नेम बिनचूक धरला तरी गोळी तेथेच लागेल कशावरून? ती आपोआप लागत नाही. दृष्टीची रेषा सरळ असते, गोळीची वाट सरळ नसते. नळीतून बाहेर पडताच गोळी पृथ्वीकडे ओढली जाऊ लागते, म्हणून नळीला दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोख द्यावा लागतो. गोळी दृष्टिरेषेखालून निघते, तिला छेदून वर जाते आणि पुढे पुन्हा तिच्यावर उतरते. ज्या अंतरावर ती उतरते त्या अंतरावर, दिसते तेथे आणि लागते तेथे यांतला फरक शून्य होतो. सैन्यात याला बंदूक 'झीरो करणे' म्हणतात. हा झीरो आपलाच शून्य आहे. संस्कृत शून्याचे अरबीत सिफ्र झाले, तेथून तो इटलीत गेला, झीरो होऊन इंग्रजीत शिरला आणि गोऱ्या साहेबाच्या तोंडून आपल्या चांदमारीवर परत आला.

हा शून्य प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुकाही एकसारख्या मारीत नाहीत. या बंदुकीची नळी टोकापर्यंत लाकडात बसविलेली असते. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात भिंती घामेजतात, कपाटाची दारे फुगून लागत नाहीत; तसेच हे लाकूडही फुगते, नळीला एका बाजूने रेटते आणि उन्हाळ्यात बसविलेला नेम आषाढात ढळतो. स्क्रू ढिले होतात. काडतुसांचा वाण बदलतो. तेल पुसून न काढलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी तर बहुधा एकटीच निराळी जाते. शिवाय माणसागणिक डोळा निराळा, गालाचा टेका निराळा. म्हणून नेम बसवायचा तो अमुक बंदुकीचा, अमुक माणसाकरिता, अमुक काडतुसावर आणि अमुक अंतरासाठी.

रीत अशी. जुनी बंदूक असेल तर प्रथम जाणत्या आर्मररने ती तपासावी. नळी मोकळी व कोरडी आहे, बोल्ट नीट बसतो, लाकूड तडकलेले नाही, माशी हलत नाही, हे पाहिल्याखेरीज तिच्यात काडतूस घालू नये. मग अधिकृत चांदमारीवर, वाळूच्या पोत्यांचा टेका घेऊन, आधी जवळच्या अंतरावर म्हणजे पंचवीस यार्डांवर आणि मग शंभरावर, एकाच जागी नेम धरून पाच बार काढावेत. मधे काहीही बदलू नये. पहिली गोळी डावीकडे गेली म्हणून दुसरीचा नेम उजवीकडे धरायचा नाही. पाचही बार एकाच श्रद्धेने काढायचे. त्यानंतर लक्ष्याजवळ जाऊन छिद्रे पाहायची. पाच छिद्रांचा जो पुंजका दिसतो त्याला उस्ताद 'ग्रुप' म्हणत. त्या पुंजक्याचा मध्य काढायचा आणि तो लक्ष्याच्या मध्यापासून किती व कोणीकडे सरकला आहे, ते मोजायचे.

पुंजका घट्ट असेल तरच माशीला हात लावायचा. छिद्रे चहूकडे विखुरली असतील, तर माशी हलवून काहीही साधत नाही. तेथे माणसाचा श्वास, चाप ओढणारे बोट, खांद्याचा टेका किंवा बंदुकीचे ढिले लाकूड सुधारावे लागते. विखुरणे हा एक दोष आहे आणि सरकणे हा अगदी वेगळा दोष आहे. दोहोंची औषधे निराळी आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुखणे वाढते.

पुंजका घट्ट आहे पण सरकलेला आहे, असे ठरले की हिशेब सोपा आहे. या बंदुकीत खाच आणि माशी यांत सुमारे ४९ सेंटीमीटर अंतर असते. शंभर मीटर हे त्याच्या सुमारे दोनशे पट. म्हणून माशी एक मिलिमीटर सरकली की शंभर मीटरवर गोळी सुमारे वीस सेंटीमीटर सरकते. पंचवीस मीटरवर पाच सेंटीमीटर. पुंजका शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर डावीकडे पडत असेल, तर माशी अर्धा मिलिमीटर हलवायची. कोणीकडे? येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. माशी डावीकडेच हलवायची, ज्या बाजूला चूक आहे त्याच बाजूला. माशी डावीकडे गेली की तिला खाचेच्या मध्यात आणण्यासाठी नळीचे तोंड उजवीकडे वळते आणि गोळीही उजवीकडे येते. उंचीलाही हाच न्याय. गोळी खाली लागत असेल तर माशी बुटकी हवी. वर लागत असेल तर उंच हवी. त्यासाठी निरनिराळ्या उंचीच्या माशा मिळत. मागची खाच हलविता येत असेल तर तिचा नियम उलटा. गोळी जिकडे न्यायची, तिकडे खाच न्यावी. माशीने चुकीच्या मागे जावे आणि खाचेने चुकीच्या विरुद्ध, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मूळ मार्क तीन बंदुकीच्या खाचेला डावी-उजवीकडे सरकविण्याची सोय होती. अठ्ठावीसशे यार्डांपर्यंत एकत्रित मारा करण्यासाठी बाजूला एक निराळी दर्शिकाही होती. पहिल्या महायुद्धात बंदुका झपाट्याने हव्या होत्या, म्हणून १९१६ च्या नमुन्यातून या दोन्ही गोष्टी गाळल्या. तेव्हापासून डाव्या-उजव्या चुकीची दुरुस्ती माशीवरच येऊन ठरली. तिच्या खाचेतून तिला केसभर सरकविण्यासाठी आर्मररपाशी खास चिमटा असे; ज्याने त्याने दगडाने ठोकावे अशी ती वस्तू नव्हे. हलवून झाले की पुन्हा पाच बार काढायचे, पुन्हा मोजायचे. पुंजका मध्यावर आला की माशी पक्की करायची.

श्रोतेहो, आता गुरुवर्यांकडे येतो. शाळेच्या तुकडीला .२२ व्यासाची बंदूक मिळे. तिची काडतुसे लहान, पण खाच, माशी आणि नियम तेच. साठच्या दशकातली गोष्ट आहे. एका सरावात आमच्यातल्या एकाची एक गोळी काळ्या वर्तुळाच्या बरोबर मध्यात लागली आणि उरलेल्या चार कागदाच्या चार कोपऱ्यांत गेल्या. मुलांनी टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या एका मुलाची एकही गोळी काळ्यात नव्हती. पाचही डावीकडे खाली पडल्या होत्या. मुले हसली. सरांनी दोन्ही कागद हातात घेतले. दुसऱ्या मुलाची पाचही छिद्रे त्यांनी खिशातल्या एका रुपयाच्या नाण्याने झाकून दाखविली आणि सांगितले की, याचा नेम चुकलेला नाही, बंदुकीची माशी चुकलेली आहे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत, कारण त्यांनाही तो अंदाजच होता. त्यांनी उस्तादांच्या संमतीने त्या मुलाला दुसरी बंदूक दिली आणि त्याची बंदूक एका जुन्या कॅडेटला दिली. जुन्या कॅडेटच्या गोळ्या डावीकडे खाली गेल्या आणि मुलाच्या गोळ्या मध्याजवळ आल्या. मग ती बंदूक चिठ्ठी लावून आर्मररकडे गेली. ज्याची एक गोळी मध्यात लागली होती, त्याला सरांनी रागावून काही म्हटले नाही. श्वास रोखून चाप हळू ओढण्याचा सराव तेवढा त्याला आठवडाभर रिकाम्या बंदुकीवर करायला लावला. त्या दोन मुलांना एकाच वेळी दोन निराळे न्याय मिळाले आणि दोन्ही योग्य होते.

पुढे मी जुन्या मराठी पोथ्यांच्या अभ्यासाकडे वळलो, तेव्हा हाच भेद मला तेथे भेटला. एखादा लेखक 'ख'च्या जागी सर्वत्र 'ष' लिहितो. ते अज्ञान नव्हे. ती त्याची घट्ट सवय आहे, सरकलेला पुंजका आहे. वाचणाऱ्याने आपली माशी तेवढी हलविली की सारी पोथी स्वच्छ वाचता येते. दुसऱ्या पोथीत चुका कशाही विखुरलेल्या असतात. तेथे एक नियम लावून भागत नाही, इतर प्रती मिळवाव्या लागतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो प्रती ताडून पाहून. एका प्रतीतील एका शब्दावरून पाठ ठरविणे म्हणजे एका बारावरून माशी हलविणे होय.

शाळेत आपण काय करतो? एका परीक्षेतले गुण, एका दिवसाचे उत्तर, एका तासातले वर्तन, यांवरून मुलाविषयी मत ठरवितो. एखादी गोळी मध्यात लागली की हुशार, एखादी बाहेर गेली की ढ. सीमाभागातील शाळांतून तर ही गोष्ट फार जपून पाहिली पाहिजे. येथे घरात मराठी, गल्लीत कानडी किंवा उर्दू, शाळेत इंग्रजी आणि मैदानावर हिंदी अशा चार भाषांतून मूल वाढते. त्याच्या लेखनात एकाच जातीची चूक पुन्हा पुन्हा दिसते. कानडीच्या वळणाने त्याची मराठी वाक्ये रचली जातात, किंवा मराठीच्या वळणाने इंग्रजी. ही चूक सुसंगत असेल तर त्या मुलाची पकड घट्ट आहे, त्याला भाषा येते. कोठेतरी अर्धा मिलिमीटर माशी हलवायची आहे. त्याच्या बुद्धीवर शेरा मारण्याचे कारण नाही. ती माशी कधी मुलाची असते, कधी पाठ्यपुस्तकाची, आणि कधी वर्गात उभे राहून मोजणाऱ्याची. बंदूक बदलून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

ही रीत आता संग्रहालयात गेली, असे कोणी समजू नये. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात दुर्बीण चालत नाही. बिनभिंगाच्या दर्शिकांनीच नेम धरावा लागतो. मागची दर्शिका बारीक खटक्यांनी सरकते, आणि ज्या दहा गुणांच्या वर्तुळासाठी ही धडपड, त्याचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेथेही स्पर्धेपूर्वी पंधरा मिनिटांचा वेळ तयारीसाठी आणि चाचणीच्या गोळ्यांसाठी देतात. त्या गोळ्या गुणांत धरीत नाहीत. खेळाडूने आपला पुंजका पाहावा, त्या दिवसाचा वारा आणि उजेड पाहावा, दर्शिका जुळवावी आणि मग परीक्षेला बसावे, ही त्यामागची दृष्टी. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांना जी सवलत मिळते, ती दहा वर्षांच्या मुलाला आपण देतो का, याचा विचार शिक्षकांनी करावा अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट सांगून संपवितो. बसविलेला शून्य कायमचा नसतो. पावसाळा येतो, लाकूड फुगते, काडतूस बदलते, डोळ्याला चष्मा लागतो. जुन्या बंदुकीच्या मागच्या पट्टीवर दोनशेपासून दोन हजार यार्डांपर्यंत आकडे कोरलेले आहेत, ते एवढ्याचसाठी की एका अंतरावर खरा ठरलेला नेम दुसऱ्या अंतरावर खरा राहत नाही. चांगला शिपाई आपली बंदूक वेळोवेळी चांदमारीवर नेऊन तपासतो. गुरुवर्यही नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जुन्या मुलांविषयीची आपली मते बाजूला ठेवीत आणि नव्याने पाच उत्तरे ऐकत. त्या मुलांपैकी पुष्कळजण आज या सभागृहात आहेत. माझे म्हणणे खरे की खोटे, ते त्यांनीच सांगावे.